अस्तरात अडकलेले पत्र

मी एक जुनी चामड्याची बॅग आहे, मित्रांनो, आणि मला तुम्हाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक अभिमानाची आणि एक शरमेची. त्या वेगवेगळ्या सांगता आल्या असत्या तर मी अभिमानाचीच सांगून मोकळी झाले असते. पण दोन्ही एकमेकींत अशा गुंतल्या आहेत की सोडवता येत नाहीत. तेव्हा घडले तसेच सांगते.

सध्या मी एका आमदार बाईंच्या कार्यालयात, दाराच्या डाव्या बाजूला, एका जाड खुंटीवर टांगलेली असते. माझा मूळ रंग गडद तपकिरी. आता कोपरे पांढुरके पडले आहेत. माझी पितळी कडी दाबली की पूर्वी खणखणीत आवाज यायचा, आता ती नुसती हुं म्हणते. कार्यालयात पहिल्यांदा येणारे लोक मला पाहतात आणि बाईंना नवी बॅग घ्यायला सुचवतात. अशा लोकांचे चेहरे मी नीट लक्षात ठेवते.

मला एका म्हाताऱ्या कारागिराने घडवले. तो एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवून, दोन्ही हातांनी शिवायचा. एक टाका उजवीकडून, एक डावीकडून. दोऱ्याला मेण चोळायचा आणि प्रत्येक टाका ओढताना श्वास रोखायचा. मी तयार झाले तेव्हा त्याने मला टेबलावर ठेवले, दोन पावले मागे गेला आणि म्हणाला, हिला आता पन्नास वर्षे बघायला नको. मला ते ऐकून फार बरे वाटले होते. पुढे कळले की त्याचा अंदाज चुकीचा होता, आणि तो अंदाज खरा मानणाऱ्यांत मीही होते.

माझे पहिले धनी घड्याळजी होते. घरोघरी जाऊन ते भिंतीवरची मोठी घड्याळे दुरुस्त करत. माझ्या आत हिरव्या सुती कापडाचे अस्तर होते. ते त्यांच्या पत्नीने शिवले होते. चिमटे, बारीक स्क्रू आणि तेलाची बाटली माझ्या पोटात असत. त्या टोकदार हत्यारांनी अस्तर सारखे उसवायचे, आणि घड्याळजी दर महिन्याला खिडकीशी बसून ते स्वतः शिवायचे. माणूस मोठा शिस्तीचा. घरातले घड्याळ मात्र कायम दहा मिनिटे मागे.

त्यांच्यानंतर मी त्यांच्या मुलीकडे आले. ती शाळेत गणित शिकवत असे. मुले तिला बाई म्हणायची. मग मुलांचे आईवडील म्हणू लागले, भाजीवाली म्हणू लागली, आणि आज साऱ्या मतदारसंघाच्या त्या बाई आहेत. त्या काळात माझ्यात साठ साठ वह्या कोंबलेल्या असत. वह्यांच्या कोपऱ्यांनी आतल्या खिशाचा तळ उसवला. पहिल्यांदा बोटभर, मग चांगला वीतभर. बाई दुसऱ्यांच्या मुलांची चुकलेली गणिते रात्रंदिवस दुरुस्त करत, पण माझ्या पोटात वाकून बघायला त्यांना सवड झाली नाही. मीही कधी कुरकुर केली नाही. बाहेरून मी छान दिसत होते ना!

शाळेसमोरून अवजड गाड्या भरधाव जात. तिथे सिग्नल बसावा म्हणून बाईंनी एकेचाळीस अर्ज केले आणि सिग्नल बसवून घेतला. लोकांनी तोंडात बोटे घातली. एका सिग्नलसाठी एकेचाळीस अर्ज करणारी बाई आपल्यासाठी सभागृहात काय करील, याचा हिशेब त्यांनी मनातल्या मनात केला असावा. पुढच्या निवडणुकीत त्यांनी बाईंना उभे केले. बाई थोडक्यात निवडून आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उलटे करून झटकले, आणि माझ्यातून वाटीभर खडूची पूड पडली.

मित्रांनो, सभागृहातला माझा पहिला दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. केवढे ते दार! आत शिरताच छत इतके उंच की बाईंची मानसुद्धा आपोआप वर गेली. गोलाकार बाके, एकामागे एक चढत गेलेली, आणि समोर उंचावर अध्यक्षांचे आसन. सगळ्यांच्या बॅगा चकचकीत. एकीच्या अंगावर तर सोनेरी अक्षरे होती, ती माझ्याकडे नाक मुरडून बघत होती. मी बाईंच्या पायाशी अंग चोरून बसले.

पण थोड्या वेळाने मी स्वतःला विसरले. एक सदस्य उठला आणि म्हणाला की त्याच्या भागातल्या एका खेड्यात विजेची तार शाळेच्या छपरावर लोंबते आहे. समोरून एका मंत्र्याने काहीतरी लिहून घेतले. बस, एवढेच. आणि पंधरा दिवसांनी तोच सदस्य उठून सांगत होता की तार वर गेली. मी थक्क झाले. कुठल्या तरी कोपऱ्यातल्या छपरावरची भीती एक माणूस इथे येऊन बोलतो, दुसरा ती कागदावर लिहितो, आणि तिकडे मुले निर्धास्त पाढे म्हणू लागतात! इतकी वर्षे झाली, पण या गोष्टीची नवलाई माझ्या मनातून गेलेली नाही. बाकावर झोपणारे सदस्यही मी पाहिले आहेत, नाही असे नाही. तरीही.

बाईंची कामाची पद्धत ठरलेली होती. पत्र आले की ते त्या स्वतः वाचत. दुसऱ्याला वाचायला देत नसत, आणि आलेल्या क्रमाने उत्तर देत. त्यांच्या कार्यालयाचे लेखनिक म्हणजे त्यांचाच एक जुना विद्यार्थी. अंगाने सडपातळ, मान पुढे, आणि कागद दिसला की टाचणी लावणार. म्हणून त्यांना सगळे टाचणीभाऊ म्हणत. प्रत्येक पत्राला ते एक चिठ्ठी टाचत, तिच्यावर क्रमांक घालत आणि मग ते माझ्यात ठेवत. शुक्रवारी माझ्यातून सगळी पत्रे बाहेर काढून ते टाचण्या मोजत. पत्रे नव्हे, टाचण्या. डबीतून जितक्या गेल्या तितक्या परत आल्या की ते समाधानाने म्हणत, सगळी निघाली. ही पद्धत त्यांची स्वतःची होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता. अकरा वर्षांत एकही पत्र हरवले नव्हते. मलाही त्या अभिमानात माझा वाटा आहे असे वाटायचे.

आता शरमेची गोष्ट.

एका सकाळी पाण्याच्या नव्या टाकीचे उद्घाटन होते. गर्दी उसळली होती. त्या गर्दीतून एक आजी वाट काढत आल्या. हातात घडी घातलेला एकच कागद, बोटांना सुई टोचून टोचून आलेले घट्टे. त्या शिवणकाम करणाऱ्या होत्या. त्यांनी पत्र बाईंच्या हातात दिले. बाई म्हणाल्या, "आजी, घरी गेल्यावर शांतपणे वाचते." तेवढ्यात कोणीतरी बाईंना नारिंगी फीत कापायला बोलावले, आणि बाईंनी तो कागद माझ्या आतल्या खिशात सरकवला. त्याला टाचणी नव्हती. टाचणीभाऊ तेव्हा ध्वनिक्षेपकाची वायर धरून उभे होते.

कागद खिशात शिरला, उसवलेल्या तळातून खाली घसरला, आणि अस्तर आणि चामडे यांच्यामध्ये आडवा झाला. मला तो सरकताना स्पष्ट जाणवला. मी काय करणार? मला तोंड आहे, पण ते दुसऱ्यांनी उघडायचे.

घरी गेल्यावर बाईंनी खिशात हात घातला. हाताला काही लागले नाही. त्यांना वाटले की टाचणीभाऊंनी नेहमीप्रमाणे काढून क्रमाने लावले असेल. शुक्रवारी टाचणीभाऊंनी टाचण्या मोजल्या. बरोबर भरल्या. सगळी निघाली, ते म्हणाले. आणि बाई निश्चिंत झाल्या.

चामड्याला शाई लवकर लागते. उन्हाळ्यात मी तापले की पत्राची अक्षरे माझ्या आतल्या अंगावर उमटू लागली. असे मी ते पत्र वाचले, मित्रांनो, एकेक ओळ करून, कित्येक दिवसांत. त्यात आजींनी लिहिले होते:

"बाईंना नमस्कार. आमच्या गल्लीच्या मधून दोन जिल्ह्यांची हद्द जाते. आमचं घर अलीकडे. पलीकडच्या जिल्ह्याची ॲम्ब्युलन्स आमच्यापासून हाकेच्या अंतरावर उभी असते, पण ती हद्द ओलांडत नाही. आपल्या जिल्ह्याची यायला पाऊण तास लागतो. आमच्या यांना दोनदा हृदयाचा झटका आला. डॉक्टर म्हणतात, तिसऱ्या वेळी पाऊण तास मिळणार नाही. तुम्ही काहीतरी करा. उत्तराची वाट बघते."

त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. बाईंचा हात रोज माझ्यात येई. बोटे त्या पत्रापासून एका कापडाच्या जाडीवरून जात आणि दुसरेच काही घेऊन परत जात. बाई त्या महिन्यांत किती राबत होत्या! अंध प्रवाशांसाठी बसमध्ये थांब्यांची नावे पुकारायला लावली. गिरणीतल्या कामगारांच्या कानांची दरवर्षी तपासणी सुरू करवली. आभाराची पत्रे येत, आणि तीही माझ्यातच ठेवली जात. मला ती बोचायची. एवढ्या कौतुकाच्या खाली, अगदी तळाशी, एक माणूस पाऊण तासाच्या भीतीत जगत होता, आणि मी मूग गिळून बसले होते.

एकदा आजी कार्यालयात आल्या. बाई नगरपालिकेत गेल्या होत्या आणि मी खुंटीवर होते. टाचणीभाऊंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले, नोंदवही चाळली. दोनदा चाळली. मग ते मवाळपणे म्हणाले, "आजी, या नावाचं पत्र आमच्याकडे आलेलं नाही."

"मी बाईंच्या हातात दिलंय."

"आलं असतं तर टाचणी लागली असती."

दुसरे पत्र लिहून द्या, असे टाचणीभाऊ म्हणाले. आजींनी नकारार्थी मान हलवली आणि त्या उठल्या. जाताना त्यांचा पदर माझ्या कोपऱ्याला घासून गेला. मित्रांनो, मी चामड्याची आहे, पण त्या दिवशी मला भुईत गडप व्हावेसे वाटले.

असे आठ महिने गेले. मग एका दुपारी माझा एक बंद तुटला. बाई मला घेऊन बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेल्या. तो रस्त्याच्या कडेला बसून चपला, पट्टे, बॅगा शिवायचा. त्याने बंद बघितला, मग सवयीने माझ्यात हात घालून अस्तर चाचपले आणि तो चुकचुकला. "बाई, बाहेरून ठीक आहे हो, आतून सगळी उसवलीय." त्याने अस्तर थोडे उचलले आणि दोन बोटांनी आतून तो कागद ओढून काढला.

बाईंनी तो तिथेच, त्याच्या लाकडी पाटावर बसून वाचला. वर तारीख होती. ती त्यांनी बोटाने पुन्हा पुन्हा चाचपली. त्यांचा चेहरा कसा झाला, ते मला सांगता येत नाही. मी तो चेहरा त्यांच्या वडिलांच्या शेवटच्या आजारातही पाहिला नव्हता. दुरुस्तीवाल्याने विचारले की शिवून देऊ का. बाई म्हणाल्या, नंतर. मला तशीच काखेत मारून त्या कार्यालयात आल्या. टाचणीभाऊंनी पत्र वाचले. अकरा वर्षांच्या टाचण्या त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या असाव्यात.

"उत्तर लिहू का, बाई?" त्यांनी हळूच विचारले.

"आठ महिन्यांनी उत्तर काय लिहायचं? चला, जाऊ या."

आजोबा असतील की नसतील, हा एकच प्रश्न गाडीत बसला होता, आणि तो विचारण्याची दोघांचीही छाती नव्हती.

गल्ली साधीच होती. दोन्ही बाजूंना बसकी घरे, ओसरीवर सायकली, एका कोपऱ्यावर बेकरी. पण रस्त्याच्या बरोबर मधून एक पांढरी रेषा गेली होती, हाताने रंगवलेली, पण आखीव. बाईंनी दार वाजवले. आत पावले वाजली, सावकाश, घासत येणारी. दार उघडले तर समोर एक उंच म्हातारे गृहस्थ, नखांत वाळलेला रंग.

ते आजोबाच होते, जिवंत. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवलेले रंगारी. आजी आतून आल्या, बाईंना ओळखले, पण हसल्या नाहीत. बाईंनी पत्र पुढे केले आणि म्हणाल्या, "आजी, हे आठ महिने माझ्याच बॅगेत होतं. मी वाचलं नाही. चूक माझी आहे."

आजींनी तो आपलाच कागद ओळखला. मग म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही वाचलंत आणि सोडून दिलंत. त्याचं जास्त लागलं होतं."

बाईंनी मान खाली घातली. मीही घातली असती. मग आजोबांनीच खुर्ची ओढली आणि म्हणाले, "मी अजून आहे म्हणजे फार उशीर झालेला नाही. बसा. चहा घेणार का?"

चहा पिताना जे कळले, ते ऐकून मी अवाक झाले. त्या गल्लीने आपली सोय आपणच लावली होती. पलीकडची रुग्णवाहिका हद्द ओलांडत नव्हती, तेव्हा या लोकांनी माणूसच हद्दीपलीकडे न्यायचे ठरवले. आजोबांनी एका खोलीचे जुने दार बिजागऱ्यांतून काढून ओसरीत उभे केले होते. कोणाला काही झाले की त्याला त्या दारावर झोपवायचे, चौघांनी चार कोपरे धरायचे आणि रस्त्याच्या मध्यापर्यंत पळायचे. तोवर पलीकडच्या बेकरीवाल्याने फोन लावायचा. मध्य नेमका कुठे, हे घाईत कळत नसे, म्हणून आजोबांनी ती रेषा रंगवली होती. त्यांच्या खाटेपासून रेषेपर्यंत बावीस पावले. दर रविवारी सकाळी तालीम व्हायची. दारावर झोपायचा मान बहुतेक वेळा आजोबांना मिळे. राजाच्या थाटात मिरवतात, असे आजी म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे थोड्या हसल्या.

दोनदा हे जमले होते. तिसऱ्यांदा, तीन महिन्यांपूर्वी, शेजारच्या गवंड्याची आई कोसळली. भरदुपारची वेळ, पुरुषमाणसे कामावर गेलेली, चौथा कोपरा धरायला कोणी मिळेना. रुग्णवाहिका येऊन रेषेपलीकडे उभी राहिली, मागचे दार उघडे. चालक रेषेवर दोन्ही हात पुढे करून उभा होता. तो पूर्वी एकदा हद्द ओलांडून आला होता, तेव्हा त्याला नोटीस मिळाली होती. पुन्हा आला असता तर नोकरी गेली असती. चौथा माणूस मिळेपर्यंत गवंड्याची आई गेली.

तीन महिन्यांपूर्वी. पत्र तेव्हा पाच महिने माझ्या अस्तरात होते.

बाई उठल्या. त्यांनी ते दार ओसरीतून बाहेर काढायला सांगितले. आजोबा झोपायला तयार झाले, पण बाईंनी त्यांना हात धरून बसवले आणि टाचणीभाऊंना झोपवले. एक कोपरा बेकरीवाल्याने धरला, एक गवंड्याने, एक समोरच्या काकूंनी आणि चौथा बाईंनी. बावीस पावले चालून त्या थांबल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती आणि तळहातावर दाराच्या कडेचा लाल वळ उठला होता. टाचणीभाऊ तर रेषेवर दार टेकवल्यावरही बराच वेळ आभाळाकडे बघत पडून राहिले.

अधिवेशनाचे दोन दिवस उरले होते. बाईंनी जवळच्या रुग्णवाहिकेने हद्द न विचारता जावे असा ठराव लिहून दिला. शेवटच्या दिवशी त्याला पाच मिनिटे मिळाली. आरोग्यमंत्र्यांनी आधीच सांगितले की हद्दी पूर्ण विचाराअंती ठरवलेल्या आहेत, एका जिल्ह्याची गाडी दुसरीकडे गेली तर तिच्या जिल्ह्याने काय करायचे, आणि असे प्रसंग अपवादात्मक असतात. त्यांचेही अगदीच खोटे नव्हते. समोरच्या बाकांवर पलीकडच्या जिल्ह्याचे आमदार बसले होते, पांढऱ्या मिशांचे, जुने जाणते. बाजाराच्या जागेवरून बाईंचे आणि त्यांचे सहा वर्षे हाडवैर होते. हा ठराव पडणार, हे तिथल्या शिपायालाही कळत होते.

बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला उचलून टेबलावर ठेवले. अकरा वर्षांत मी पायाशी होते; टेबलावर कधी आले नव्हते. सगळे सभागृह माझ्याकडे बघू लागले. बाईंनी माझे तोंड उघडून फाटके अस्तर बाहेर ओढले. अध्यक्ष म्हणाले की सभागृहात वस्तू दाखवता येत नाहीत. कोणीतरी हसले. सोनेरी अक्षरांच्या त्या बॅगेचे मालकच असावेत.

"अध्यक्ष महोदय, मी ही खाली ठेवते," बाई म्हणाल्या. "पण आधी माझी चूक नोंदवून घ्यावी. माझ्या मतदाराचं पत्र या फाटक्या अस्तरात आठ महिने पडून होतं. त्यातल्या पाचव्या महिन्यात त्याच गल्लीतली एक बाई गाडीपर्यंत पोहोचण्याआधीच गेली. मी वेळेवर वाचलं असतं तर ती वाचली असती की नाही, मला माहीत नाही. कधीच कळणार नाही."

मग त्यांनी पत्र वाचले. मला पाठ असलेले ते पत्र. त्या भिंतींमध्ये आजींचा एकेक शब्द मला आधीपेक्षा मोठा वाटू लागला. नंतर बाईंनी दाराचे सांगितले, चार कोपऱ्यांचे, बावीस पावलांचे, आणि रेषेवर हात पसरून उभ्या राहिलेल्या चालकाचे. आवाज चढवला नाही. वर्गात गणित समजावून सांगत तसे सांगितले. पाच मिनिटे संपल्याची घंटा वाजली आणि त्या खाली बसल्या.



तेवढ्यात समोरचे पांढऱ्या मिशांचे आमदार उठले. सहा वर्षांत ते बाईंच्या बाजूने एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी समोरचा बाक घट्ट धरला होता.

"त्या चालकाला नोटीस द्यायला मीच सांगितलं होतं," ते म्हणाले. "आमची गाडी आमच्या माणसांसाठी, हे मीच सभेत बोललो होतो, टाळ्याही घेतल्या होत्या. बाईंची चूक नोंदवलीत, अध्यक्ष महोदय. तिच्याखाली माझीही नोंदवा. ठरावाला माझा पाठिंबा आहे."

एका माणसाने स्वतःची चूक उघड्यावर ठेवली की दुसऱ्यालाही आपली लपवणे अवघड जाते, हे मी त्या दिवशी पाहिले. मंत्र्यांनी पुढ्यातला कागद उलटा ठेवला, शेजारच्या अधिकाऱ्याशी कुजबुजले आणि उभे राहून म्हणाले की दहा दिवसांत आदेश निघेल. ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. तो 'होय'चा आवाज त्या उंच छतापर्यंत गेला आणि तिथून माझ्यावर पडला. बाईंनी मला खाली घेतले. सोनेरी अक्षरांची बॅग मला जागा देण्यासाठी बाजूला सरकली, म्हणजे तिच्या मालकांनी पायाने सरकवली. पण मी ते तिचेच सौजन्य मानले.

नवव्या दिवशी आदेश निघाला. त्यानंतर रुग्णवाहिकेचे फोन घेणारे जिल्हा विचारीनासे झाले. घर कुठे, जवळची खूण कोणती, एवढेच विचारू लागले.

आणि दोन महिन्यांनी आजींचे दुसरे पत्र आले. ते टपालाने आले होते. टाचणीभाऊंनी ते टाचणी न लावता, दोन्ही हातांत धरून, धावतच बाईंकडे नेले. बाईंनी ते उभ्यानेच वाचले, मोठ्याने, कारण टाचणीभाऊंना राहवत नव्हते. मी खुंटीवरून ऐकले.

"बाईंना नमस्कार. यांना तिसरा झटका आला. फोन केल्यापासून चार मिनिटांत गाडी दारात होती. तोच चालक होता. तो थेट खाटेपर्यंत आला. हॉस्पिटलात हे अकरा दिवस होते. अकराही दिवस बोलत होते. आमच्या लग्नाच्या वेळी कोणत्या पाटीचा रंग ओला ठेवून ते आले होते, ते मला चाळीस वर्षांनी कळलं. सातव्या दिवशी आम्ही भांडलो, त्याचं मला फार बरं वाटतं. बाराव्या दिवशी सकाळी झोपेतच गेले. शेवटी माझा हात त्यांच्या हातात होता. आधीच्यासारखं असतं तर मला पाऊण तास मिळाला असता, आणि तोही रस्त्याकडे बघण्यात गेला असता.

एक सांगायचं होतं. गाडी वळताना कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापाशी अडते. चालकाला मागेपुढे करावं लागलं, त्यात मिनिट गेलं. खांब थोडा हलवता आला तर बघा. पुढच्या माणसाला ते मिनिट मिळेल."

टाचणीभाऊ खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. बाईंनी पत्राची घडी घातली आणि बराच वेळ ती तशीच छातीशी धरून ठेवली. मी एवढी वर्षे कागद वाहिले, मित्रांनो. त्यांच्यात एवढे काही मावते, हे मला माहीत नव्हते. जिचा माणूस गेला, ती बाई अजून कोणाला तरी एक मिनिट मिळावे म्हणून लिहीत होती! त्या पत्रापुढे मला सभागृहाचे ते उंच छतसुद्धा ठेंगणे वाटले.

माझे अस्तर आता नवे आहे. पण माझ्यासारख्यांची एक विनंती आहे. आपल्या वस्तू बाहेरून पुसता तशा आतूनही अधूनमधून चाचपून बघत जा. आम्हाला सांगता येत नाही. आणि कोणी तुमच्या हातात कागद दिला, तर तो देणारा समोर उभा आहे तोवरच वाचा. नंतर वाचतो म्हणून खिशात टाकू नका. त्याची वाट बघण्याची सुरुवात त्याच क्षणी झालेली असते.

त्या दिवशी बाईंनी कोणाला उत्तर लिहायला सांगितले नाही. चपला घातल्या, टाचणीभाऊंना हाक मारली आणि खांब कुठे आहे ते बघायला निघाल्या. पत्र त्यांच्या हातातच होते. मला न्यायचे त्या विसरल्या, आणि मला त्याचे जराही वाईट वाटले नाही.